मुलगा सोबर आहे

१९ नोव्हेंबर १९५५, शनिवार

वहिनींनी आज पुन्हा तोच शब्द वापरला. "मुलगा सोबर आहे हो, सुनंदा." दिवाळीला घेतलेली त्यांची राखी साडीही सोबर होती. समोरच्या बिल्डिंगीतल्या डॉक्टरांचा दिवाणखानाही सोबर आहे. हा शब्द कुठून आला हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगायला गेले तर म्हणतील, झालं हिचं मास्तरीणपण सुरू.

लॅटिनमध्ये ‘एब्रियस’ म्हणजे प्यालेला. त्याला नकार लागला की ‘सोब्रियस’, न प्यालेला. मूळ अर्थ एवढाच. जो प्यालेला नाही त्याचा तोल जात नाही. ज्याचा तोल जात नाही तो आरडाओरडा करत नाही. जो आरडाओरडा करत नाही तो भडक कपडेही घालत नसणार. असं करत करत गुत्त्याच्या दारातला शब्द वहिनींच्या साडीपर्यंत येऊन पोचला.

हे मला अप्पांनी शिकवलं. अप्पा कॉलेजात लॅटिन आणि इंग्रजी शिकवत. शब्दांची मुळं सांगताना त्यांचा आवाज फार गोड लागे. ‘सोब्रियस’ सांगितला त्या संध्याकाळी ते स्वतः एब्रियस होते. आई आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. दारूबंदी आली तेव्हा आईला वाटलं, सुटलो. मग अप्पा फर्निचरचं पॉलिश प्यायला लागले, आणि शेवटी दवाखान्यातलं स्पिरिट. त्यांच्या बोटांचा तो वास मला झोपेतही ओळखता येईल.

मुलगा काल आईबरोबर येऊन गेला. हेरंब कोठारे, माहीमला राहतो, विमा कंपनीत आहे. वडील नाहीत. आई यशोदाबाई कमी बोलतात, बघतात जास्त. त्याने मला विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"इंग्रजी."

"मग तुमच्या वहिनी मला जे म्हणताहेत, त्याला मराठीत काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "शुद्धीवर असलेला."

तो हसला. म्हणाला, "एवढीच अट असेल तर मी पास."

मला ते हसणं आवडलं नाही. तरी होकार दिला. मनमोहनदादाचं घर हे वहिनींचं घर आहे. त्यात मी न खपलेली नणंद आहे, आणि वहिनी रोज वाढताना ते माझ्या पानात वाढतात.

२२ नोव्हेंबर

शाळा बंद. काल शहर बंद होतं. असेंब्लीवर मोर्चा नेला, फोर्टात गोळीबार झाला, माणसं मेली. दादा बोरीबंदरापासून चालत घरी आला. त्याच्या शर्टाला अश्रुधुराचा वास होता आणि तो बराच वेळ मोरीत डोळ्यांवर पाणी मारत होता.

वहिनी रडल्या. मला रडू आलं नाही, राग आला. मुंबई महाराष्ट्रात जावी हे मलाही वाटतं. वाटणं निराळं आणि रस्त्यावर बेभान होऊन धावणं निराळं. या वाडीतले रिकामटेकडे आठवडाभर घोषणा देत फिरत होते. कुणाचा कशावर ताबा नाही. गोळ्या घालणाऱ्यांचा नाही आणि समोर जाणाऱ्यांचाही नाही. बेभान माणूस कसा दिसतो ते मी घरातच पाहिलं आहे. त्यासाठी मला फोर्टात जावं लागत नाही.

माहीमहून निरोप आला, हेरंबला बरं नाही, डोळे आले आहेत. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी ठरला होता तसाच ठेवू या, असं यशोदाबाईंनी कळवलं आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

साखरपुडा झाला. हेरंब काळा चष्मा लावून आले. ओवाळताना काढावा लागला तेव्हा पाहिलं. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या. खाली बसताना डावा हात जमिनीवर टेकवून, दात आवळून बसले.

मी हळूच विचारलं, "पडलात का?"

"जिन्यावरून."

"डोळे आले म्हणाला होतात."

"डोळे आले म्हणूनच जिना दिसला नाही."

सगळ्याला उत्तर तयार. अप्पांचंही असंच असे. ते जिन्यावरून पडत, ट्राममधून उतरताना पडत, नुसते उभे असतानाही पडत. कारण मात्र दर वेळी चोख.

वहिनींनी रात्री बांगड्या काढताना विचारलं, "आवडला ना?" मी म्हटलं, "सोबर आहे." त्यांना टोमणा कळला नाही.

११ डिसेंबर

दादाने परवानगी दिली म्हणून आज हेरंब आणि मी दादरच्या चौपाटीवर गेलो. ट्राम टर्मिनसवर ते उशिरा आले. दाढी वाढलेली, सदरा कालचा.

"ऑफिसात काम होतं."

"रविवारी?"

"वर्ष संपतंय ना."

दादाही ऑफिसात जातो. त्याचंही वर्ष डिसेंबरातच संपतं. तो रविवारी झोपतो.

वाळूत बसलो. त्यांनी शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरली, आणि मला तो वास आला. बोटांना स्पिरिट. नखांच्या कडा काळ्या, जणू काही चोळून काढायचा प्रयत्न केलेला. मी पुडी घेतली नाही.

मी शाळेबद्दल बोलत होते. अकरावीच्या मुलींची परीक्षा, बंदमुळे बुडालेले तास. म्हटलं, "चळवळवाल्यांना मुलींच्या वर्षाचं काय?" त्यावर ते एकदम तापले. "तुमच्या मुली पास होऊन ज्या शहरात नोकरी करणार ते शहर कुणाचं, हे ठरतंय. एखादा तास बुडाला तर बुडू द्या." आवाज एवढा चढला की पलीकडचं जोडपं वळून बघायला लागलं.

मी म्हटलं, "जरा शांतपणे बोलता येईल का?"

ते समुद्राकडे बघत शेंगदाणे खाऊ लागले. मग थोड्या वेळाने मी काहीतरी सांगत असताना पाहिलं, तर बसल्या जागी मान खाली पडलेली. झोपले होते. संध्याकाळची वेळ, समोर समुद्र, शेजारी ठरलेली बायको बोलते आहे, आणि माणूस घोरतो आहे. मी उठवलं नाही. उजेड जाईपर्यंत तशीच बसून राहिले, आणि मनातल्या मनात सगळं जुळवत गेले.

३० डिसेंबर

आज वर्गात धड्यात ‘सोबर’ आला. फळ्यावर मूळ लिहून दाखवलं. एकीने विचारलं, "बाई, रागाने झिंगलेला माणूस सोबर का?" मी म्हटलं, राग आवरतो तो सोबर. दुसरी म्हणाली, "आणि ज्याला रागच येत नाही तो?" मी तिला खाली बसायला सांगितलं. हल्लीच्या मुलींना प्रश्न विचारायचा म्हणून विचारायचा असतो.

मधल्या सुट्टीत कौसल्याबाई जवळ आल्या. त्या भूगोल शिकवतात, परळला राहतात, आणि पर्समध्ये चळवळीची पत्रकं घेऊन हिंडतात. हेडबाईंना ठाऊक आहे, त्या डोळेझाक करतात. म्हणाल्या, "तुमच्या हेरंबरावांना परवा लालबागला पाहिलं."

"लालबागला त्यांचं काय काम?"

कौसल्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला ठाऊक नाही?"

"काय ठाऊक नाही?"

"काही नाही. असंच." त्यांनी डबा बंद केला आणि निघून गेल्या.

माझी कीव केली त्या बाईने. लालबागला कुठल्या गल्लीत काय मिळतं ते शाळेच्या शिपायालाही ठाऊक आहे. म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाच ते शेवटी कळायचं.

८ जानेवारी १९५६, रविवार

आज न कळवता माहीमला गेले.

यशोदाबाई दारात आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा पडला. "अगं, कळवायचंस तरी." त्यांनी मला पुढच्या खोलीतच बसवलं. मागच्या खोलीला कुलूप. परसात चिंचेखाली रिकाम्या बाटल्या, वर गोणपाट टाकलेलं. पाणी प्यायला म्हणून उठले तर त्या माझ्याआधी उठल्या. कुलपामागून तोच वास येत होता.

तेवढ्यात मागच्या दाराने एक माणूस आला. गिरणीतला वाटला, खाकी चड्डी, खांद्यावर गोणपाटात बांधलेलं जड ओझं. मला बघून जागीच थांबला. यशोदाबाई म्हणाल्या, "लवू, नंतर ये." तो ओझ्यासकट परत फिरला. कोण म्हणून विचारलं तर म्हणाल्या, घोडपदेवचा आहे, हेरंबच्या ओळखीचा.

हेरंब आले. मी सरळ विचारलं, "त्या खोलीत काय आहे?"

"जुनं सामान."

"मग उघडा."

"तुम्हाला न कळलेलं बरं, सुनंदाताई." ठरलेल्या बायकोला ताई.

"तुम्ही पिता?"

यशोदाबाई आतून काही बोलायला पुढे आल्या. हेरंबनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो."

"रोज?"

"जवळजवळ."

"आणि दुसऱ्यांनाही पुरवता?"

यावर ते हसले. तेच पहिल्या दिवशीचं हसणं. "पुरवतो. मागणी फार आहे."

मी चप्पल घातली. ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तुम्ही नकार कळवून टाका. दोष माझ्यावर घाला. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

किती समजूतदारपणा. अप्पाही प्यायल्यावर असेच उदार होत.

१० जानेवारी

घरात सांगितलं. दादा पेपरात तोंड घालून म्हणाला, "लग्न झालं की सुटेल." आईच्या वडिलांनी हेच म्हटलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "कोण घेत नाही ग आजकाल? माहीमला तर घरोघरी. तुझं वय काय, तू बोलतेस काय. हा मोडलास तर दुसरा कोण येणार आहे?"

"नाही आला तर नाही."

"हो, तुला काय. रांधायला मी आहे."

"मी पगार घरात देते, वहिनी."

"पगार देतेस म्हणून तोंड बघावं लागतं ते चुकतं का?"

आमचं बरंच झालं. मी एकदाही आवाज चढवला नाही. त्यांचाच चढला, त्याच रडल्या. मी पोळ्या संपवल्या, ताट घासलं.

१२ जानेवारी

लग्न मोडून माझं सुटेल. पुढची जी कोण त्या घरात जाईल तिचं काय? आणि तो लवू, ज्याच्या खांद्यावरून माल जातो, त्याची बायको भिंतीकडे तोंड करून बसतच असेल.

तळमजल्यावरचे बाबुराव पोलिसांत हवालदार आहेत. आज शाळेतून येताना जिन्यात भेटले. मी त्यांना पत्ता सांगितला. मागची खोली, कुलूप, बाटल्या, येणारी माणसं, सगळं.

"ताई, नक्की ना? तुमचीच माणसं ती."

"त्यांनी स्वतः कबूल केलंय माझ्याजवळ."

"तुमचं नाव कुठं यायचं नाही."

मी अगदी शांत होते. वर आल्यावर चहा केला, वहिनींनाही दिला.

१५ जानेवारी, रविवार

काल संक्रांत. वहिनी वाडीत तिळगूळ वाटत फिरल्या. माझ्या हातावर गूळ ठेवताना म्हणाल्या, "गोड बोल." गेले काही दिवस आमच्यात हा पहिलाच शब्द.

आज सकाळी बाबुराव नळावर भेटले. फार खुशीत. "ताई, तुमची खबर पक्की निघाली. पण दारू नाय ओ. एक थेंब नाय."

"मग बाटल्या?"

"शाईच्या. आन् स्पिरिटच्या, मशीन पुसायला. सायक्लोस्टाइल मशीन होती खोलीत. ती चळवळीची पत्रकं गिरगावपास्नं लालबागपर्यंत वाटत्यात न्हवं, ती तिथंच छापत. साहेब इतके दिवस शोधत होते. दोघांना धरलं. कोठारे गप उभा राहिला. दुसरा मागच्या भिंतीवरून उडी मारायला गेला, गिरणीवाला. पाय मोडला त्याचा. हाड बाहेर आलं."

मी बादली भरून वर आले.

त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. मी विचारलं आणि त्यांनी ‘हो’ म्हटलं. हे मी लिहून ठेवते आहे. कुणी खोटं सांगितलं तर ते खरं धरणाऱ्याचा काय दोष?

डोळे. अश्रुधूर. दादाचा शर्ट मी माझ्या हातांनी धुतला होता.

१७ जानेवारी

काल संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्रात नाही. केंद्राच्या ताब्यात. पुढाऱ्यांना उचललं. आज सकाळपासून वाडीत एकही माणूस घरात नाही. दादाही खाली गेला, जो आयुष्यात कधी खाली गेला नाही.

२० जानेवारी

संचारबंदी. ठाकुरद्वारच्या बाजूने गोळ्यांचे आवाज येतात. आधी वाटायचं फटाके. आता फरक कळतो. सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं तर रस्ताभर चपला पडलेल्या. बायकांच्याही. उचलायला कोणी नाही. वहिनींनी माझा दंड धरून मला आत ओढलं. "मरायचंय का तुला?" त्यांचा हात थरथरत होता. माझा थरथरत नव्हता. मी तो हात पुढे धरून बघितला. स्थिर होता. मला त्या हाताची किळस आली.

कौसल्याबाईंच्या परळला फार माणसं गेली म्हणतात. पत्रकं बंद पडल्याने कुठे जमायचं, कुठल्या रस्त्याने जायचं नाही, जखमींना कुठे न्यायचं, हे लोकांना कळत नाही, असं दादा सांगत होता. तो हे वहिनींना सांगत होता. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही, कारण त्याला काही ठाऊक नाही.

२६ जानेवारी

संचारबंदी उठली. काळे झेंडे लागले आहेत. आज माहीमला गेले. बस नव्हती तिथे चालले.

यशोदाबाई दार अर्धं उघडून उभ्या राहिल्या. मागची खोली उघडी होती. रिकामी, भिंतीवर शाईचे डाग.

मी म्हटलं, "काकू, पोलिसांना मी सांगितलं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तू आलीस रविवारी, ते आले शनिवारी."

"मला वाटलं दारू आहे. त्यांनी स्वतः हो म्हटलं. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं." त्यांनी आवाज चढवला नाही. "तू विचारलंस कसं ते तू ऐकलं नाहीस. तसं मला कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा हो म्हटलं असतं."

"मी पाया पडायला आले आहे."

"नको पडू. माझ्याने आशीर्वाद द्यायचा नाही, आणि नाही दिला तर मलाच वाईट वाटेल." मग दार लावता लावता म्हणाल्या, "लवूच्या बायकोला दिवस आहेत. गिरणीने त्याचं नाव काढलं. त्यांना मी बघेन. तू जाऊ नकोस तिकडे."

मी फाटकाशी उभी राहिले. दार काही पुन्हा उघडलं नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

तुरुंगात भेटीला गेले. नातं विचारलं, होणारी बायको म्हणून सांगितलं. शिपायाने लिहून घेतलं.

जाळीच्या पलीकडे हेरंब आले. वाळले आहेत. डोळे मात्र स्वच्छ. पहिल्यांदाच मी ते नीट पाहिले. तपकिरी आहेत.

"तुम्ही?" ते म्हणाले. "मला वाटलं आई."

"पोलिसांना मी खबर दिली."

त्यांनी जाळीवर बोटं ठेवली. आजूबाजूला सगळे ओरडून बोलत होते, एकमेकांना ऐकू यावं म्हणून.

"दारूची?"

"हो."

ते हसले. मोठ्याने, खोटं नाही. मग हसू थांबलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "त्या दिवशी मी हो म्हणालो, कारण वाटलं, तुम्ही लग्न मोडाल आणि यातून बाहेर राहाल. पोलीस आलेच तर तुम्हाला काही ठाऊक नसेल. तुम्ही स्वतःच पोलिसांकडे जाल असं नाही वाटलं. असं कुणी करेल असंच नाही वाटलं मला."

"माझे वडील..." मी सुरुवात केली.

"ते मला तुमच्या वहिनींनी आधीच सांगितलं होतं. म्हणून तर तो शब्द मी पहिल्या दिवशी काढला. म्हटलं, त्यावर दोघं हसलो तर तुम्हाला हलकं वाटेल." त्यांनी जाळीवरची बोटं काढून घेतली. "लवूचा पाय कापावा लागला. कळलं का?"

मला कळलं नव्हतं.

"मला तुमचा राग करायचा नाही, कारण तो करायला बसलो तर इथे दुसरं काही सुचणार नाही. पण तुम्ही परत येऊ नका."

"तुम्ही सुटल्यावर?"

"तेव्हाही."

ते माझी वेळ संपायच्या आत निघून गेले. शिपाई म्हणाला, "बाई, अजून बोलायला वेळ आहे." मी कुणाशी बोलणार होते?

९ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला बसले आहे. हात दुखतो आहे.

शाळेतून येत होते. बाबुराव जिन्यात, बायकोबरोबर. बायकोला मोठ्याने म्हणाले, "ही बघ, आपल्या ताई. अशी शिकलेली माणसं पाहिजेत." मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात, "साहेब खूश आहेत. तुमच्या शाळेत कोण एक बाई पत्रकं वाटते म्हणतात, परळची. नाव तेवढं सांगा. मागच्यासारखं, तुमचं नाव कुठं येणार नाही."

मी त्यांच्या थोबाडीत मारली.

कशी मारली मला ठाऊक नाही. पुस्तकं खाली पडली. आणि मग मी ओरडायला लागले. माझ्या घशात असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. "माझं नाव येऊ दे. सगळीकडे येऊ दे. हेरंब कोठाऱ्यांना मी पकडून दिलं. मी दिलं. त्या माणसाचा पाय माझ्यामुळे गेला. ऐका सगळे. मला विचारा, मी सांगते." असं काहीतरी, पुन्हा पुन्हा. दारं उघडली. सगळ्या मजल्यांवरून माणसं कठड्याशी आली. कोणी खाली आलं नाही. बाबुराव गालावर हात ठेवून उभे होते आणि त्यांची बायको रडत होती. मी थांबत नव्हते. मला थांबायचं नव्हतं.

वहिनी अनवाणी धावत आल्या. मला वाटलं तोंडावर हात ठेवतील. त्यांनी माझी पुस्तकं गोळा केली, एका हाताने मला कवेत धरलं आणि वरच्या माणसांना म्हणाल्या, "काय बघताय? तमाशा आहे का?" मला वर नेईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

घरात आल्यावर दादा म्हणाला, "आता या बिल्डिंगीत राहायचं कसं? सगळे तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत," वहिनी म्हणाल्या. "तिने कबूल केलं. तुम्ही अप्पांबद्दल कधी कुणाजवळ केलंत?"

दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. वहिनींनी मला पाणी दिलं. मी ते सगळं साडीवर सांडलं, एवढा हात हलत होता. त्यांनी ते पदराने पुसलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

घसा बसला आहे. शाळेत काल फळ्यावर लिहूनच शिकवलं. बातमी आधीच पोचली होती. शिक्षकांच्या खोलीत मी गेल्यावर सगळ्या उठून बाहेर गेल्या. कौसल्याबाईंना मी एकटं गाठून सांगितलं की पोलीस त्यांचं नाव शोधताहेत, पर्स रिकामी ठेवा. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं नाही, "बरं" म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्यांच्या खणातलं सगळं हललं होतं.

नळावर माझी बादली कुणीतरी लाथेने बाजूला सारली. मी ती पुन्हा रांगेत ठेवली. पुन्हा सारली, पुन्हा ठेवली.

उद्या तुरुंगात भेटीचा दिवस आहे. त्यांनी येऊ नका म्हटलं आहे. यशोदाबाई जाळीशी असतील, त्यांना मी नको असेन. वहिनींना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? हाकलतील."

हाकलू देत. मी जाणार आहे.